टाकळ्याचं बी

गेल्या आषाढात डोंबिवली स्टेशनबाहेर, पुलाच्या पायऱ्या संपतात तिथे रानभाज्या घेऊन बसलेल्या एका बाईने माझा हात धरला. मी टाकळ्याची जुडी उचलायला वाकले होते, पावसाची झड चालू होती, तिच्या प्लास्टिकवरचं पाणी माझ्या पायावर सांडत होतं, आणि कुर्त्याची बाही वर सरकलेली माझ्या लक्षातच आलं नाही. कोपराच्या आत, जिथे हात दुमडतो तिथे, तो लाल चट्टा होता. तिने अंगठ्याने त्याची कड हलकेच दाबली आणि म्हणाली, "नायटा हाय ना ताई ह्यो? ह्याचंच बी लाव. लिंबात वाटून. आता नाय भेटायचं, दिवाळीनंतर ये, मी आनते." अगदी साध्या आवाजात, जसं भाजी कशी करायची ते सांगतात तसं. आणि मी हात खेचून घेतला. बाही खाली ओढली, "नाही हो, ऍलर्जी आहे" असं काहीतरी पुटपुटले, पैसे दिले, सुट्टे पण न घेता निघाले. पाठीमागे दोन बायका छत्र्या धरून उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं असेल का हेच रिक्षात बसेपर्यंत डोक्यात.

घरी येऊन जुडी सोडली तेव्हा तो वास आला. टाकळा ज्याने निवडलाय त्याला माहिती आहे, पान चुरडलं की एक उग्र, जरा दुर्गंधीकडे झुकणारा वास येतो, तोच शिजल्यावर कुठेतरी नाहीसा होतो. आणि त्या वासाबरोबर मला आजीचा पाटा आठवला, लिंबाचा रस आठवला, मांडीवरची ती जळजळ आठवली. त्या बाईने जे सांगितलं ते मला दहाव्या वर्षापासून माहिती होतं. तरी माझ्या पर्समध्ये काय होतं, तर मेडिकलमधून आणलेली ट्यूब.

ट्यूबचं सांगते. मार्चमध्ये पहिला चट्टा आला, रुपयाएवढा. लोकलच्या गर्दीत घाम, ऑफिसात दिवसभर त्याच कपड्यात, म्हटलं घामोळं असेल. खाज वाढली तशी घराजवळच्या मेडिकलमध्ये विचारलं, त्याने न बघताच एक ट्यूब काढून दिली, सगळे हीच नेतात म्हणाला. आणि खरंच, काय सांगू, तीन दिवसांत खाज गायब. लाली गेली. आठव्या दिवशी लावायची बंद केली, पंधराव्या दिवशी परत, या वेळी दोन. परत लावली, परत गेलं, परत आलं, कमरेला, जिथे सलवारची नाडी बसते तिथे, मग पाठीला. अशा चार ट्यूबा संपवल्या मी. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. टॉवेल गुपचूप वेगळा केला होता. ताप आला तर आपण फोनवर सगळ्यांना सांगतो, पण हे कुणाला सांगवत नाही. काहीतरी अस्वच्छ आपल्याला लागलंय, म्हणजे आपणच अस्वच्छ, असं आतून वाटत राहतं.

म्हणून तो हात खेचला गेला. पण तेवढंच नव्हतं, आणि मला छळत राहिलं ते त्याच्या पुढचं होतं.

आमचं गाव कणकवलीच्या बाजूला. लहानपणी सुट्टी पडली की मी आजीकडे, आणि एका वर्षी गोवर की काय उठून शाळा बुडाली म्हणून जूनमध्येही तिथेच होते. पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत खळ्याच्या कडेला, गडग्याला लागून, गोठ्यामागे टाकळा उगवायचा. लावायला लागत नाही, पाणी घालायला लागत नाही, पानांच्या तीन-तीन जोड्या, भुईमुगासारख्या दिसणाऱ्या, आणि संध्याकाळ झाली की मिटून घेणाऱ्या. मला ते फार आवडायचं, दिवे लागले की सगळा गडगा झोपलाय असं वाटायचं. कोवळी पानं खुडून आजी भाजी करायची, कांदा, लसूण, हिरवी मिरची, आदल्या दिवसांतल्या फणसाच्या आठळ्या ठेचून, वरून ओलं खोबरं. श्रावण संपेपर्यंत पानं जून होतात, मग पिवळी फुलं, मग बारीक वाकड्या लांब शेंगा. दिवाळीच्या पुढे-मागे त्या शेंगा वाळायच्या आणि आजी त्या तडकून बी उडायच्या आत तोडून आणायची. बी म्हणजे कसं, हिरवट तपकिरी, चकचकीत, तासल्यासारखं कोनाकोनाचं. हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीत भरून फळीवर.

त्या जूनमध्ये माझ्या मांडीवर नायटा उठला. आजीने आधी मला पडवीत उजेडात नेलं. बोटाने कड चाचपली, मधली कातडी साफ आहे का बघितलं, पाणी येतं का, दुखतं का, की नुसतं खाजतं, असं सगळं विचारलं, अगदी शांतपणे, मग सुताचा एक दोरा घेतला, चट्ट्यावरून आडवा धरला, तेवढाच तोडला आणि त्या बाटलीच्या गळ्याला बांधून ठेवला. रात्री बी लिंबाच्या रसात भिजत घातलं, सकाळी पाट्यावर वाटलं. लावलं आणि मी किंचाळलेच. "जळजळतला गो बाय, पण खाजवू नुको." सात दिवस हे. आणि माझा परकर रोज चुलीवरच्या कढत पाण्यात, बाकीच्यांच्या कपड्यांपासून वेगळा, पाऊस असला तरी चुलीच्या वर दोरीला टांगून कडक वाळवलेला, धुराचा वास मारणारा. सातव्या दिवशी तिने दोरा सोडला आणि परत मांडीवर धरला. चट्टा दोऱ्याच्या आत होता. म्हणाली, "उतरता हा. दोऱ्याच्या भायर गेलो असतो तर तुका डाक्टराक दाखवूक नेतलय होतंय."

तो दोरा मी विसरले होते. औषध लक्षात राहिलं, दोरा नाही.

टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द म्हणतात, दद्रुघ्न पण म्हणतात, दद्रू म्हणजे हाच आपला नायटा. म्हणजे नावातच औषध. बियांत क्रायसोफॅनॉल आणि त्याच्या जातीची द्रव्यं असतात, प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेली नायट्याची बुरशी त्यांनी रोखली जाते हे तपासलं गेलंय, अर्थात बशी आणि माणसाची घामेजलेली कातडी यात फरक आहे. पण हे शोधता शोधता मला एक गोष्ट सापडली आणि मी रात्री दोन वाजेपर्यंत तीच वाचत बसले. एकोणिसाव्या शतकात मुंबईत नायट्यावर एक पिवळट तपकिरी भुकटी मिळायची, तिला म्हणायचे गोवा पावडर. गोव्याहून यायची म्हणून गोवा. लोक ती लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून लावायचे, तीही जळजळायची, कपड्यांवर न जाणारे डाग पाडायची. गोव्यात मात्र तिचं झाड कुठेच नव्हतं, आणि ती कशापासून करतात हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. १८७४ मध्ये ब्राझीलमधल्या बाहियाच्या एका डॉक्टरने ओळखलं की ही तर आमच्याकडची अरारोबा, तिथल्या जंगलातल्या मोठ्या झाडाच्या खोडात पोकळ्या असतात, त्यात साठलेली भुकटी खरवडून काढतात. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्याला पोचायची आणि गोव्याचं नाव घेऊन पुढे जायची. पुढे लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ती सोरायसिसवर, म्हणजे कातडीला खवले धरतात त्या रोगावर, चालते, आणि पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या सुमारास, ब्राझीलचा माल मिळेना म्हणून जर्मनीत तिच्यासारखं द्रव्य कारखान्यात केलं गेलं, डिथ्रॅनॉल, जे सोरायसिससाठी अजून वापरतात. आणि त्या भुकटीतली द्रव्यं ही टाकळ्याच्या बियांतल्या द्रव्यांची अगदी जवळची भावंडं. समुद्राच्या दोन टोकांना, दोन वेगळ्या झाडांत, एकाच रोगावर, दोन्हीकडे बहुतेक बायकाच पाट्यादगडावर वाटत असतील, आणि दोन्हीकडे पोरं किंचाळत असतील. मला त्या रात्री आजीचा फार अभिमान वाटला, आणि आपण तो हात खेचून घेतला याची फार लाज.

पण आजीचं सगळं असं सरळ नव्हतं, आणि ते सांगितलं नाही तर हे अर्धं राहील.

माझ्या बाबांना एक धाकटा भाऊ होता. सात वर्षांचा. मी त्याचा फोटो पण पाहिला नाही, कारण नाहीच आहे. पावसाळ्यात गोठ्यात त्याच्या पायात खिळा गेला. आजीने जे तिच्या आईने केलं असतं तेच केलं, दगडी पाला आणला, तळहातावर चोळला, रस पिळला, चोथा दाबून फडक्याने बांधला. दगडी पाला तुम्ही पाहिलाय, कुणी एकदांडी म्हणतात, शाळेच्या मैदानाच्या कडेला, फुटपाथच्या फटीत, लांब दांड्यावर एकच पिवळं पांढरं फूल. (हाही मूळचा इथला नाही, अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेला, पण आपल्याकडे इतका मुरलाय की आजीला तो जन्मापासूनचा वाटायचा.) रक्त थांबलं. जखम दोन दिवसांत मिटली, पोर पळायला लागलं. आठव्या-नवव्या दिवशी सकाळी पेज प्यायला बसला आणि म्हणाला तोंड उघडत नाही. डोलीत घालून नेईपर्यंत पाठ कमानीसारखी झाली होती. धनुर्वात. तो वाटेतच गेला.

बाबांनी हे मला आजी गेल्यावर सांगितलं, तेराव्याच्या रात्री, अंगणात. त्यांनी ती डोली चालत पाठीमागून बघितली होती. मी विचारलं, मग आजीने पाला सोडला? तर म्हणाले, नाही ना. सोडला असता तर मला समजलं असतं. खरचटलं, विळी लागली, तर पाला लावायचीच. पण प्रत्येक वेळी आधी विचारायची, "माती गेली काय? आत गेला काय?" खिळा, काटा, गोठा, शेण, यातलं काही असलं की पाल्याला हातही लावायची नाही, जखम धुवायची, उघडी ठेवायची आणि त्याच पावली दवाखान्यात, सुई मारून घ्यायला. मला ते आठवलं, माझ्याही बाबतीत झालंय ते, काचेवर पाय पडला तेव्हा भर पावसात मला पाठीवर घेऊन तीन किलोमीटर गेली होती, मी रडत होते की पाला लाव ना, सुई नको. तेव्हा म्हणाली होती, "पाल्याक काय म्हायत, आत काय गेला ता." मला वाटलेलं नुसतं समजावतेय.

धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात वर्षानुवर्षं पडून असतात आणि हवा न मिळणाऱ्या बंद, खोल जखमेतच वाढतात, हे आज आपण शाळेत शिकतो. पाल्याने त्याचं काम चोख केलं, रक्त थांबवलं. बंद व्हायला नको होतं ते बंद झालं. आजीला जंतू माहिती नव्हते, पण एक पोर देऊन तिला ती सीमा कळली होती, आणि माझी खात्री आहे की तो सुताचा दोराही तिथूनच आला. आधी ती दोरा बांधत नसणार. हे मी बाबांना विचारायला हवं होतं, आता बाबाही नाहीत.

हळदीच्या पेटंटचं सगळ्यांना आठवत असेल. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं आणि शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने, म्हणजे सरकारच्या विज्ञान संशोधन परिषदेने, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. बाबांनी ती बातमी कापून वहीत चिकटवली होती, माशेलकर आपल्या गोव्याचे म्हणून तर जास्तच. मलाही तेव्हा छाती भरून आल्यासारखं झालेलं आणि आजही होतं. फक्त आता असं वाटतं की हळद जखमेवर लावतात हे ग्रंथात होतं म्हणून वाचलं. कुठल्या जखमेवर लावायची नाही, किती दिवस वाट बघायची, कधी सोडून द्यायचं, हे ज्यांच्याकडे होतं त्यांनी कुठे लिहिलं नाही. ते बाटलीच्या गळ्याला बांधलेलं होतं, आणि आजी गेल्यावर ती फळी आवरताना आम्हीच सगळ्या बाटल्या भंगारात दिल्या.

कोविडमध्ये आमच्या सोसायटीत गुळवेलीचं पेव फुटलं होतं. कुणीतरी पोतं भरून आणली, रोज सकाळी काढा, लहान मुलांनाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही पेशंटना लिव्हरचा त्रास झाल्याचं प्रसिद्ध केलं, त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते म्हणून. तो वाद मी सोडवू शकत नाही. पण पोत्यातली वेल कुठली हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं, मी पण प्यायले होते.

तर टाकळ्याची भाजी मी केली, खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. कदाचित त्या बाईमुळेच गेले. डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. चट्ट्याची कड खरवडून काचपट्टीवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि म्हणाल्या, काय लावत होतात ते दाखवा. मी ट्यूब काढली. त्यांनी नुसती मान हलवली, त्यांच्या ड्रॉवरमध्ये तशा पंधरा-वीस होत्या, पेशंटांकडून काढून घेतलेल्या. त्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टेरॉईड, तिन्ही एकत्र. स्टेरॉईडने खाज आणि लाली जाते, कारण शरीराचा प्रतिकारच थंड होतो. बुरशी आत आरामात वाढते. कड पुसट होते, रोग ओळखू येत नाही, कातडी पातळ होते. "तुम्ही खतपाणी घातलंत त्याला," म्हणाल्या, पण ओरडून नाही. अशी बरीच स्टेरॉईडची मलमं २०१८ पासून सरकारने शेड्यूल एचमध्ये टाकलीत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि मी चारही वेळा नुसती मागितली होती. त्यांनी अजून एक सांगितलं, की आता आपल्याकडे अशी बुरशी पसरलीय जी टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद देत नाही, २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. त्या नावात आपला देश आहे. मला तिथे बसल्या बसल्या खूप वाईट वाटलं.

मी विचारलं, टाकळ्याचं बी लावू का? त्या हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात, रुपयाएवढा असताना विचारलं असतंत तर निदान ही ट्यूब लावण्यापेक्षा बरं म्हटलं असतं, आता अंगभर आहे, कातडी पातळ झालीय, लिंबाने भाजेल, आता काही वाटून लावू नका. मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. गोळ्या अडीच महिने, चट्टे दिसेनासे झाले तरी पुढे चालू. कपडे गरम पाण्यात वेगळे धुवा, उन्हात वाळवा, पावसात इस्त्री फिरवा, टॉवेल कुणाला देऊ नका. मी ते वाचत होते आणि मला चुलीवर टांगलेला, धुराचा वास येणारा परकर दिसत होता.

अडीच महिन्यांचे तीन झाले, पण गेलं. मी मात्र पहिल्याच दिवशी, घरी आल्या आल्या, कोपरावर एक दोरा धरून तोडला आणि औषधांच्या डब्याला बांधला.

दिवाळी झाल्यावर दोन आठवड्यांनी मी पुलाखाली गेले. मला तिला सांगायचं होतं की त्या दिवशी ती ऍलर्जी नव्हती, तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. ती होती, आता कंदमुळं, शिंगाडे आणि आवळे घेऊन बसलेली, आणि शेजारी चार-पाच वर्षांची एक मुलगी, नात म्हणाली. मला वाटलं नव्हतं ती ओळखेल, पण तिने माझ्या तोंडाकडे न बघता आधी कोपराकडे बघितलं. मी स्वतःहून बाही वर केली. "गेला की," ती म्हणाली, आणि कनवटीला हात घालून वर्तमानपत्राची एक पुडी काढली. बी होतं. तसंच, चकचकीत, कोनाकोनाचं. पैसे घेईना. रोज आणत होते, म्हणाली, तू येशील म्हणून.

पुडी घेताना त्या मुलीच्या मानेवर, फ्रॉकच्या गळ्याशी, मला ते दिसलं. कड पुसट, मधेच पांढुरकी, पातळ चमकणारी कातडी. मला आता ते ओळखता येतं. मी विचारलं, हिला काय लावता? बी? तर म्हणाली, कुठलं गं ताई, पहाटं तीनला उठून भाजी बांधायची, कर्जतवरनं गाडी धरायची, वाटत कधी बसू, आन पोर रडतं बी लावलं की. मेडिकलवाल्याने दिलंय, लई भारी आहे, लगेच थांबतं. आणि पिशवीतून ट्यूब काढून दाखवली. माझीच.

मी खाली बसले, तिच्या प्लास्टिकच्या कडेला. ट्यूबबद्दल जे डॉक्टरांनी मला सांगितलं ते जमेल तसं सांगितलं, सरकारी दवाखान्यात चामडीचे डॉक्टर बसतात, पैसे पडत नाहीत, हिला दाखवा, उद्याच दाखवा. माझा आवाज जरा चढला असेल. मागे गिऱ्हाईक उभं होतं, एक बाई, आवळे घ्यायला, ती वाकून मुलीच्या मानेकडे बघायला लागली. आणि आजीने, म्हणजे त्या बाईने, पटकन मुलीला जवळ ओढलं आणि तिच्या फ्रॉकचा गळा वर केला.

"घामोळं हाय," म्हणाली, आणि आवळे मोजायला लागली.